फौजदाराच्या पोटातलं घुंगरू

मुलांनो, थोडा वेळ आपण सरडा होऊ या. पडा पालथे. हनुवटी फरशीला टेकवा, कोपरं बाहेर काढा. आता समजा, तुम्ही शेपटीसकट दोन वीत लांब आहात. खाटेखालची जागा तुम्हाला मंगल कार्यालयाएवढी दिसते आणि कुणाची चप्पल आडवी आली तर टेकाड चढल्यासारखी चढावी लागते. तुम्हाला पुढचे दोन पाय आहेत, पण त्यांनी एखादी वस्तू उचलून उलटसुलट करून बघता येत नाही. जे काही बघायचं ते जिभेने. अशात समोरून काहीतरी गोल, पिवळं, चकाकणारं घरंगळत येतं. बारीक आवाजही करतं. किडा आहे की काय? विचारणार कुणाला? मोठी माणसं सगळी तिकडे वर, ढगात.

मग काय कराल?

अगदी बरोबर. गट्टम!

तेव्हा फौजदाराला उगाच नावं ठेवू नका. त्यानेही तेवढंच केलं.

फौजदार हा कान्हे गावच्या धोंडिबा आबांच्या घरातला सरडा. आपल्या बांधावर माना हलवत बसतात त्यांतला नव्हे. ते सरडे रानाचे, त्यांना रानातच राहू द्यायचं; घोरपड पाळणं तर गुन्हाच. हा मुळात ऑस्ट्रेलियाकडचा, दाढीवाला. राग आला की गळ्याखालची काटेरी दाढी फुगवून काळीकुट्ट करायचा, म्हणून त्याचं नाव फौजदार. आबांचा धाकटा मुलगा निलेश ज्या कारखान्यात कामाला होता, तिथले साहेब परदेशी गेले. जाताना सरडा, त्याची काचपेटी, उबेचा दिवा आणि सरकारी नोंदणीचा कागद, असं सगळं निलेशच्या हवाली करून गेले. आबांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला होता.

"माझ्या बांधाची नोंद व्हायला बारा वर्षं लागली," ते म्हणाले होते, "आन ह्यो चतकोर सरडा सरकारदरबारी चढला बी?"

निलेशच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. त्यामुळे फौजदार त्याच्या पुतणीच्या, पाचवीतल्या तेजलच्या वाट्याला आला. भोपळ्याचा कीस, शेवग्याचा पाला, अधूनमधून नाकतोडे, सगळं तिच्याकडे. सकाळी तासभर ती त्याला माजघरात मोकळं सोडायची. मान ताठ करून तो असा हिंडायचा की जणू घराची तपासणीच चालू आहे.

त्या शनिवारी घरात दुसऱ्याच गोष्टीची धांदल होती. रविवारी जत्रा, आणि जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात आबांचा बैल पाखऱ्या पळणार होता. पाखऱ्याच्या गळ्यात बांधायची एकवीस बारक्या पितळी घुंगरांची माळ आबांनी स्वतः चिंचेने घासून लखलखीत केली आणि खुंटीला टांगली. त्या माळेला आबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. तेजलच्या आईने, राजेश्वरीने, एकदा झटकताना तिला केरसुणी लावली होती, तर आबा दुपारभर तिच्याशी बोलले नव्हते.

आता तेजलची चूक काय झाली ते ऐका. तिला वाटलं, पाखऱ्या एवढा नटतो, मग फौजदाराने काय घोडं मारलंय? माळेच्या टोकाची गाठ सैल होती. तिने हळूच दोन घुंगरं काढली, हरभऱ्याएवढी. त्यांतलं एक लाल दोऱ्यात ओवलं आणि फौजदाराच्या गळ्यात बांधायला घेतलं. फौजदाराला दागिन्यांची हौस नव्हती. त्याने मान झटकली, दोरा सुटला, घुंगरू फरशीवर पडून खुळखुळत त्याच्याच समोरून गेलं.

जीभ बाहेर आली. जीभ आत गेली.

तेजल मुठीतलं दुसरं घुंगरू आवळून बघत राहिली. फौजदार दोन पावलं चालला.

खुळ्ळ.

तेवढ्यात अंगणातून आबांची आरोळी आली. "एकोणीस! राजेश्वरी, माळंत एकोणीसच हायेत! दोन कुटं गेली?"

"मला काय ठावं आबा? मी लांबनं जाते आता त्या माळंच्या," राजेश्वरी चुलीपासून ओरडली.

आबा माजघरात आले. खाली बघत, टोपी मागे सारत. फौजदार त्यांच्या पायाजवळून खाटेकडे निघाला. खुळ्ळ, खुळ्ळ. आबा थांबले. फौजदारही थांबला. आबांनी एक पाऊल टाकलं. फौजदारानेही एक टाकलं. खुळ्ळ.

"ह्यो वाजाया कवापासनं लागला?" आबांनी विचारलं.

तेजल फरशीकडे बघत म्हणाली, "आबा... त्यानं घुंगरू गिळलं. खाली पडलं असंल."

"दोनी?"

तेजल काही बोलली नाही. मुठीतलं घुंगरू मात्र गुपचूप फ्रॉकच्या खिशात गेलं. आणि न बोलणं हेही कधीकधी खोटं बोलणंच असतं, हे तिला त्याच क्षणी कळलं. कारण आबांनी घरभर सांगून टाकलं, "दोन गिळली मेल्यानं!"

मग ज्याला जे सुचेल ते तो सांगू लागला. राजेश्वरी म्हणाली, "उलटा धरा नि पाठीत दोन धपाटे घाला. तेजल लहानपणी चिंचोका गिळून बसली होती, तिचा असाच काढला होता." आबा म्हणाले, "धपाटं कशाला? गोडंतेल पाजायचं. बैलाचं पोट अडकलं की आमी नळकांड्यानं पाव शेर आत सोडतो."

"आबा, पाव शेर म्हंजी अख्खा फौजदार भरंल," तेजल कळवळून म्हणाली.

निलेश रात्रपाळी करून नुकताच आला होता. तो दाराशीच उभा राहून फोन लावत होता. साहेब फौजदाराला लोणावळ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे न्यायचे. त्यांचा नंबर त्याच्याकडे होता. डॉक्टर प्रतीक्षा त्यांचं नाव. त्याने फोनचा आवाज मोठा केला.

"आधी सगळे शांत व्हा," फोनमधून आवाज आला. "त्याला उलटं धरू नका, पोट दाबू नका. तेल, पाणी, केळं, काहीही तोंडात घालू नका. ते छातीत गेलं तर घुंगरापेक्षा मोठी पंचाईत होईल. तोंडात बोटं घालून काढायला जाऊ नका. खायला देऊ नका. फक्त उबेत ठेवा आणि इकडे घेऊन या. श्वास नीट घेतोय ना?"

तेजल वाकली. फौजदाराची कूस वरखाली होत होती. "घेतोय," ती म्हणाली.

"छान. आणि हे बघ बाळ, त्याने जे गिळलंय तसंच दुसरं घरात असेल तर सोबत आण. किती गिळलीत तेही नक्की सांगा. त्यावरच पुढचं सगळं ठरणार."

खिशातलं घुंगरू तेजलला अचानक जड वाटायला लागलं.

निलेश बैल न्यायची पिकअप काढायला गेला. पण आबा काही स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी चाळीस वर्षं जनावरं राखली होती आणि फोनवरून कुणी शहाणपण शिकवलेलं त्यांना खपत नसे.

"आज शनवार," ते म्हणाले. "पुण्यामुंबईचं समदं पब्लिक लोणावळ्याच्या रस्त्याला. पोचेस्तवर ह्याचं काय व्हायचं? माझ्या खिल्लारी गाईनं तार गिळली होती तवा डॉक्टरनं काय केलं हुतं? चुंबक! चुंबक सोडलं पोटात. लोखंड समदं चिकटून बसलं त्याला. थांबा."

गेल्या जत्रेत फुटलेल्या मोठ्या स्पीकरचं चुंबक आबांनी माळ्यावर जपून ठेवलं होतं. ते काढायला गेले आणि आले तेव्हा त्यांच्या हातात भाकरीएवढा काळा गोल होता. स्वयंपाकघरातून येताना त्याला सांडशी चिकटली. मग विळी आडवी आली, ती ओढून काढेपर्यंत राजेश्वरीच्या पदराची पिन निसटून चुंबकावर जाऊन बसली.

"आबा!" राजेश्वरी पदर सावरत म्हणाली. "सरड्याचं ऑपरेशन करताय का माझी भांडी गोळा करताय?"

"हे पोटाखाली धरायचं," आबा तिच्याकडे दुर्लक्ष करून म्हणाले, "आन हळूहळू तोंडाकडं सरकवायचं. घुंगरं आपसूक भाईर."

ते खाली बसले. फौजदाराने ते काळं संकट येताना पाहिलं, दाढी फुगवली, काळी केली आणि तोंड उघडलं. चुंबक त्याच्या डोक्यापेक्षा चौपट मोठं होतं. आबांचा हात निसटला असता तर फौजदाराची पोळी झाली असती.

आता तेजलपुढे काय होतं बघा. आबांना अडवायचं तर कारण सांगायला हवं. कारण तिला ठाऊक होतं, पण त्याचा पुरावा तिच्या खिशात होता, आणि तो पुरावा म्हणजेच तिची चोरी. गप्प बसावं तर फौजदार.

"थांबा आबा!"

तिने खिशात हात घातला, घुंगरू काढलं आणि फरशीवर ठेवलं. "आधी ह्याला लावा चुंबक."

आबांनी चुंबक जवळ नेलं. घुंगरू ढिम्म. त्यांनी चुंबक टेकवलं. घुंगरू तिथेच. त्यांनी चुंबक उलटं करून बघितलं.

"ह्या बाजूनं बी न्हाई?"

"कुठल्याच बाजूनं न्हाई, आबा. पितळ हाय. चुंबक लोखंडाला धरतं, पितळंला न्हाई. आम्ही शाळेत केलंय. बाईंनी खिळा, खडू, पितळी फुलपात्रं, समदं लावून बघायला सांगितलं होतं."

आबा घुंगराकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. "हे तुझ्याकडं कुटनं आलं?"

तेजल रडली नाही, पण आवाज रडल्यासारखाच निघाला. "माळंतली दोन मीच काढली. फौजदाराला नटवायचं होतं. त्यानं एकच गिळलं. दुसरं हे."

आबांनी चुंबक फरशीवर सरकवून ठेवलं. त्याच्या कडेची पिन घासून खाली पडली, टिक्कन.

"एकच," आबा शेवटी म्हणाले. "आन आपण डॉक्टरला दोन सांगनार हुतो. एक काढून झाल्यावर दुसरं हुडकायला त्या बाईनं समदा सरडा उसवला असता." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "माळंचं मागनं बघू. चल. ह्याला कशात घालायचं?"

राजेश्वरी गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये फुलं बांधायचं काम करायची. तिथून आणलेलं एक लांबट खोकं घरात होतं. हवेसाठी त्याला आधीच भोकं. तळाशी टॉवेल, त्याखाली गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, आणि वर फौजदार. खोक्यावर छापलं होतं : 'ताजी फुले. थंड जागी ठेवा.' तेजलने पेनाने 'थंड' खोडून 'उबदार' केलं.

आबांचं म्हणणं एका बाबतीत खरं ठरलं. कार्ला फाट्याला गाड्यांची ही रांग. निलेशने हॉर्न वाजवून बघितला, मग कपाळावर हात मारून घेतला. तेजल मांडीवर खोकं धरून बसली होती. दर थोड्या वेळाने ती भोकातून बघायची आणि बाटली अजून कोमट आहे ना, ते हात लावून तपासायची. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली.

"काका, गुलाब आहेत का? विकायचेत?"

"फौजदार हाय आत," आबा गंभीरपणे म्हणाले. "चौकशीला न्हेतोय."

त्या माणसाने काच वर केली.

दवाखान्यात आणखी तीन पाळीव कुत्री आणि एक बोका बसला होता. खिडकीतल्या मुलीने कार्ड भरायला घेतलं. "पेशंटचं नाव?"

"फौजदार."

"काय होतंय?"

तेजलने आबांकडे बघितलं. आबांनी खोकं हळूच हलवलं. खुळ्ळ. बोका उठून मालकिणीच्या मांडीवर चढला.

"वाजतोय," आबा म्हणाले.

डॉक्टर प्रतीक्षांनी फौजदाराला हातात घेतलं, पोट बोटांनी हलकेच चाचपलं आणि फोटो काढायला नेलं. काळ्या पडद्यावर फौजदाराचा बारीक, नाजूक सापळा उमटला आणि त्याच्या मधोमध एक पांढराशुभ्र गोळा, त्याच्या आत ज्वारीच्या कणीएवढा ठिपका.

"हे घुंगरू, आणि तो त्याच्या आतला खडा," डॉक्टर म्हणाल्या. "नमुना आणलाय?"

तेजलने तळहात पुढे केला. डॉक्टरांनी ते घुंगरू मोजलं, बोट फिरवून कडा तपासल्या.

"हे फार बरं झालं. गुळगुळीत आहे, कुठे टोक नाही, आणि नक्की एकच आहे. सरड्याला खाऊ द्यायचा तो त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा, असं आम्ही सांगतो. हे जेमतेम त्यात बसतंय. आज मी चिरफाड करणार नाही. पण पितळ फार दिवस पोटात राहू द्यायचं नाही. सोमवारी पुन्हा फोटो. घुंगरू पुढे सरकलेलं नसलं तर त्याला भूल देऊन तोंडातून नळीने काढू. तोवर सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात बसवायचं, छातीपर्यंतच पाणी, आणि तू शेजारून हलायचं नाहीस. दिवा चालू ठेवायचा. ओकला, पोट फुगलं किंवा मागचे पाय ओढायला लागला, तर सोमवारची वाट बघायची नाही. लगेच यायचं."

"आन चुंबक?" आबांनी हळूच विचारलं.

डॉक्टर हसल्या, पण चेष्टेने नव्हे. "गाईम्हशींना तार गिळल्यावर देतात, आबा. तुमचं बरोबर आहे. फक्त तार लोखंडाची आणि गाय गाईएवढी असावी लागते."

"तेच म्हनलं मी," आबा म्हणाले.

घरी आल्यावर अंघोळीच्या भांड्याचा प्रश्न निघाला. राजेश्वरीने परातीकडे बघणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवलं, "माझ्या परातीत सरडा बसला तर भाकरी तुमी दुसरीकडं खायच्या." तेव्हा आबांनी पाखऱ्याचं पेंड भिजवायचं लोखंडी घमेलं घासून दिलं. तेजल मनगटावर थेंब टाकून पाणी बघायची, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बघतात तसं. फौजदार घमेल्यात डोळे मिटून बसायचा, जणू हे सगळं त्याच्या मानासाठीच चाललंय.

रविवारी सगळा गाव जत्रेला गेला. "तू न्हाई येत?" निलेशने विचारलं. तेजलने मान हलवली. "शेजारनं हलायचं न्हाई म्हणाल्यात." तिला घाटावरची आरडाओरड घरातही ऐकू येत होती. पाखऱ्या वीस घुंगरं घालून पळाला आणि निम्म्या घाटात थांबून एका बाईच्या हातातला ऊस खाऊ लागला. आबा घरी आले ते कुणाशी न बोलता. सरळ घमेल्याजवळ स्टूल ओढून बसले.

"झालं काय?"

"अजून न्हाई."

"मी आपला तंबाखूची डबी हुडकायला आलो हुतो," आबा म्हणाले आणि तासभर तिथेच बसले. डबी त्यांच्या खिशात होती.

सोमवारचा फोटो काढताना तेजलने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा पांढरा गोळा पडद्यावर खाली, शेपटीच्या बाजूला सरकलेला दिसला. "निघालाय प्रवासाला," डॉक्टर म्हणाल्या. "आता याला घाई करायची नाही. पण गुरुवारपर्यंत बाहेर आलं नाही तर पुन्हा या."

मंगळवारी शाळा सुटल्यावर तेजलने घमेलं मांडलं. आबा स्टुलावर होतेच. राजेश्वरी दारात मेथी निवडत होती. फौजदाराने शेपूट जराशी उचलली, डोळे अर्धवट मिटले, आणि चेहरा असा केला की काहीतरी मोठा निकाल देणार आहे.

टिण्ण!

घमेल्याचा आवाज गोठ्यापर्यंत गेला. पाखऱ्याने मान वर केली. आबा स्टुलासकट मागे गेले आणि सावरून उठले.

"आलं! राजेश्वरी, आलं गं! पितळच हाय!"

"मग काय सोन्याचं यायचं होतं?" राजेश्वरी म्हणाली, पण मेथी टाकून बघायला आलीच. आबा मात्र थांबले नाहीत. टोपी विसरून आळीत गेले आणि दारोदार सांगत सुटले. तेजल जन्मली तेव्हाही ते इतके हिंडले नव्हते.

परत आले तोवर तेजलने पिशवी हाताला गुंडाळून घुंगरू उचललं होतं, साबणाने तीनदा धुतलं होतं, आणि कोपरापर्यंत आपले हातही धुतले होते. तिने दोन्ही तळहातांवर ते आबांपुढे धरलं. "माळंला लावू?"

आबांनी ते लांबून बघितलं. मग खुंटीवरच्या माळेकडे बघितलं. "पाखऱ्याला नगं. त्याला वास लय येतो." त्यांनी थोडा विचार केला. "माळंत इसच राहू दे. कुनी इचारलं तर सांगू, एकविसावं फौजदाराकडं जमा हाय. आन तेजल, पुन्ना काय हवं असलं तर मागायचं. समजलं?"

"समजलं, आबा."

फौजदार दिव्याखाली बसून माजघराकडे बघत होता. त्याची हिंडायची वेळ झाली होती. तो पायांनी काच खरवडत होता. तेजल पेटीशी गेली, झाकणाला हात लावला आणि थांबली.

मग ती माजघराच्या मधोमध पालथी पडली. हनुवटी फरशीला टेकवली, कोपरं बाहेर काढली, आणि डोळे बारीक करून चारी बाजूंनी बघायला लागली. खाटेच्या पायाशी एक शर्टाचं बटण. भिंतीकडेला सुपारीचं खांड. तो लाल दोरा. आणि राजेश्वरीची ती पिन, तिच्यामागे आणखी दोन.

"काय गं," आबांनी वरून विचारलं, "काय हरवलं?"

"अजून काय न्हाई हरवलं, आबा. तुमचं ते चुंबक द्या जरा."

आबा माळ्यावर चढले. चुंबक खाली आलं. तेजलने बटण, सुपारी आणि दोरा हाताने वेचून डबीत टाकले, झाकण घट्ट लावलं. मग भाकरीएवढं चुंबक पुढे ढकलत, कोपरांवर सरपटत, ती खाटेखाली शिरली.